सिंगापूर क्रूझ, दीड वर्षाची मुलगी आणि आजी-आजोबा: खोल्यांचे नंबर आधी घ्या, पैसे मग भरा

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायची आहे. सोबत दीड वर्षाची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, सासू-सासरे, आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात. बुकिंगवाले म्हणतात, "दोन खोल्या धरल्यात, नंबर नंतर येतील, जवळजवळच मिळतील." हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून एवढं लांब लिहितेय. व्हिसा, पासपोर्टची मुदत वगैरे तुम्ही बघितलंच असणार.

व्हाउचरवर खोलीच्या नंबराच्या जागी "जीटीवाय" छापलंय का, ते आजच बघा. त्याचा अर्थ, तुम्ही फक्त खोलीचा प्रकार विकत घेतलाय. कोणती खोली, कोणत्या मजल्यावर, हे कंपनी ठरवते, तेही अनेकदा निघायच्या अगदी तोंडावर. हे भाडं स्वस्त असतं ते यामुळेच. दोघंच जाणार असतील तर खुशाल घ्यावं. पण दोन खोल्या शेजारी येतील याची त्यात काहीही हमी नसते.

आमच्या क्रूझच्या वेळी आम्हाला हे आमच्या शहरातल्या बुकिंग ऑफिसने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. म्हातारी माणसं आणि तान्हं मूल सोबत आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि "जवळच देतात हो" हे उत्तर प्रत्येक फोनवर ऐकलं. प्रत्यक्षात सासू-सासरे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आम्ही मागच्या टोकाला, मजलेही वेगळे. यातली मोठी जहाजं तीनशे मीटरहून लांब असतात. जेवणाच्या वेळी लिफ्टसमोर रांगा. मुलगी दुपारी झोपली की आजी तिच्यापाशी बसतील आणि आम्ही मोठ्याला घेऊन फिरू, हा सगळा बेत पहिल्याच दिवशी मोडला. एकाने कायम खोलीत अडकायचं. सासूबाई तर त्या लांबलचक कॉरिडॉरला इतक्या कंटाळल्या की संध्याकाळचे कार्यक्रमही सोडले. खोली बदलून मागितली तर जहाजावरच्या काउंटरने नम्रपणे सांगितलं की जहाज भरलंय. परत आल्यावर ऑफिसने व्हाउचरवरच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं. माणसांच्या सुट्टीचे, साठवलेल्या पैशांचे असे हाल करून वर "कंपनीच्या हातात असतं" म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझं ठाम मत: बाल्कनीच्या दोन लांबच्या खोल्यांपेक्षा मधला दरवाजा असलेल्या, बिनखिडकीच्या दोन खोल्या केव्हाही चांगल्या. जहाजाच्या साधारण मध्यावर, लिफ्टपासून जवळ, आणि वरखाली दोन्हीकडे खोल्यांचेच मजले असतील अशा. वर पोहण्याचा तलाव किंवा खाली नाट्यगृह असलं तर बाळाची झोप गेलीच. मजल्यांचे नकाशे कंपनीच्या साइटवर असतात. नंबर लेखी घेतल्याशिवाय उरलेले पैसे भरू नका.

दुसरं, घसरगुंड्या बघून जहाज निवडू नका. बहुतेक जहाजांवर डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. काहींवर बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, ती आहे का ते विचारा. मुलांच्या क्लबातही साधारणपणे तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेलं लागतं. म्हणजे तुमच्या मुलाची मजा आहे, मुलीची सोय तुम्हालाच बघायची आहे.

बंदरांचं म्हणाल तर मी मलेशियातल्या पेनांगचा मार्ग निवडेन. जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागतं आणि जुनं शहर तिथूनच सुरू होतं, लिटल इंडियाही जवळ. मलेशियाच्याच पोर्ट क्लांग बंदराहून क्वालालंपूर तासाभराच्या अंतरावर, रहदारीत जास्तच. छोट्या मुलांना घेऊन ती दगदग नको. त्या दिवशी जहाजावरच राहा, सगळं मोकळं मिळतं. फुकेटला अनेक जहाजं समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत चढणं-उतरणं सासऱ्यांना झेपेल का, ते तुम्ही ठरवा.

हे सगळं आमच्या अनुभवावरून. मी या धंद्यातली नाही, आणि नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तुमच्या जहाजाचे स्वतः वाचा. रोजची ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) मुलांची धरून किती होते तेही लेखी विचारा, पॅकेजच्या आकड्यात ती बहुधा नसते. परत येताना तुम्ही सिंगापूरमध्ये पुन्हा प्रवेश करता, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना आणि अरायव्हल कार्ड (सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) पुन्हा भरायचं आहे, हे लक्षात असू द्या.

बाळाच्या दुधासाठी इलेक्ट्रिक केटल नेऊ नका, बहुतेक ठिकाणी तपासणीत काढून ठेवतात. गरम पाणी बुफेत मिळतं, थर्मास न्या. सासऱ्यांसाठी टर्मिनलवर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवता येते. आणि मोठ्या बॅगा खोलीवर यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, डायपर, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

नंबर आले की जहाजाचं नाव आणि मजला इथे टाका, नकाशा बघून सांगते.