मलय वाक्यातला सब्जेक्ट कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न असा: 'सूरत इतु सुदाह साया बाचा' म्हणजे 'ते पत्र मी वाचलंय'. यात सब्जेक्ट 'साया' (मी) की 'सूरत इतु' (ते पत्र)?

ते पत्र.

'क्रिया करणारा तो कर्ता' हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून आपण मलयमध्येही आधी वाचणाऱ्याला शोधायला जातो. पण मलय व्याकरणातला 'सुब्जेक' आपल्या कर्त्यापेक्षा उद्देश्याच्या जवळचा आहे. शिवाय तिथे क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, नामाला 'ने', 'ला' लागत नाही. 'वाचलं' की 'वाचली' बघून ठरवण्याची आपली सवय तिथे उपयोगाची नाही.

मग बघायचं काय? 'सुदाह' कुठे बसलाय ते. (अर्थ 'झालं आहे' अशासारखा.) ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

साया सुदाह मम्बाचा सूरत इतु.
सूरत इतु सुदाह साया बाचा.

पहिल्यात 'साया' 'सुदाह'च्या आधी, मोकळा उभा आहे, तोच सब्जेक्ट. दुसऱ्यात तो 'सुदाह' ओलांडून 'बाचा'ला चिकटलाय. आता 'साया बाचा' हा एकच गठ्ठा, मध्ये काही घालता येत नाही. 'सूरत इतु साया सुदाह बाचा' हे प्रमाण मलयमध्ये चूक धरतात.

क्रियापदाचं रूपही मदत करतं. 'मम्बाचा' असेल तर करणारा सब्जेक्ट, 'दिबाचा' असेल तर ज्यावर क्रिया होते ते. नुसत्या 'बाचा'वर मात्र भिस्त ठेवू नका. रोजच्या बोलण्यात लोक 'मम्' सर्रास गाळतात. 'साया दाह बाचा सूरत तु' यात 'साया'च सब्जेक्ट आहे, कारण तो 'दाह'च्या (म्हणजे 'सुदाह'च्या) आधी आहे.

मला स्वतःला हे 'यांग'मुळे (आपला 'जो-जी-जे') उमगलं. सुरुवातीला मी 'सूरत यांग साया मम्बाचा' लिहायचो आणि शिकवणाऱ्या बाई दर वेळी 'मम्'वर काट मारायच्या. नियम म्हणून पाठ करून डोक्यात शिरेना. मग कळलं, 'यांग'च्या मागचं नाम पुढच्या उपवाक्याचा सब्जेक्ट असावं लागतं. पत्र सब्जेक्ट, म्हणून 'सूरत यांग साया बाचा'. अडलात की 'यांग' लावून बघा.

एक फसवी जागा राहिली. 'चांतिक रुमाह इतु' (सुंदर आहे ते घर) यात सब्जेक्ट शेवटी आहे, 'रुमाह इतु'. पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट असं धरून चालू नका.