आधी कान, मग स्पीकर

भाऊ, तुझ्या मॉडेल रेल्वेतल्या विजेच्या इंजिनासाठी साउंड डिकोडर (इंजिनाचे आवाज काढणारं छोटं सर्किट) घ्यायच्या आधी एक संध्याकाळ नागपूर स्टेशनवर फलाटाच्या टोकाला काढ. डिझेलच्या सवयीने तू जोर लावताना वाढणारी धडधड शोधशील. विजेच्या इंजिनात ती नसतेच. पण उभं असतानाही ते गप्प नसतं. छतावरचा पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर जाऊन २५ हजार व्होल्टच्या तारेला टेकतो, मग सर्किट ब्रेकर 'खट्ट' करून लागतो, आणि त्यामागून ब्लोअरचा, म्हणजे आतली यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा, घोंघाट चढत जातो. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो. हा क्रम चुकला की कितीही महागडा आवाज खोटा वाटतो.

अजनी शेडची, म्हणजे नागपूरच्याच इंजिन डेपोतली, प्रवासी गाड्या ओढणारी डब्ल्यूएपी-७ सुटताना ऐक, कन्व्हर्टरचा (मोटरला लागेल तशी वीज बदलून देणाऱ्या यंत्रणेचा) सूर कसा बदलत जातो ते. जुन्या डब्ल्यूएपी-४ला टॅप चेंजर (पायरीपायरीने व्होल्टेज बदलणारा स्विच), तिचा बाजच वेगळा. एकीच्या आवाजाची फाइल दुसरीत घालू नकोस.

स्पीकरच्या मागची डबी मात्र हवाबंद हवी. माझ्या पहिल्या एचओ (१:८७ मापाच्या) इंजिनात बारीकशी फट राहिली होती. ब्लोअर डासासारखा गुणगुणायचा. कडेने सिलिकॉन भरलं, तेव्हा कुठे खर्ज आला. आणि आवाज कमीच ठेव, खोलीत तेवढा पुरतो.