चढावर जोर दिला की पिकअपची मागची चाकं थाडथाड उडतात, पाटे वाढवू का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाडी रिकामी असताना शेतातून डांबरीवर काढायला पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की मागचा एक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा भाग) थाडथाड नाचतो, आणि मिस्त्री म्हणतो दोन पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवा. थांबा जरा. मी नेमकं हेच केलं होतं आणि पैसे पाण्यात गेले.

आमचं शेत सावद्याच्या अलीकडे, मध्ये नाला लागतो आणि पलीकडचा चढ सगळा मुरमाचा. जुनी जीप तिथे अशी उडायची की मागे बसलेला माणूस दांडा धरून उभा राहायचा. पाटे वाढवले, तर गाडी खड्ड्यात दगडासारखी आपटायला लागली आणि चढावरचं उडणं जसंच्या तसं. वर त्याच पावसाळ्यात प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला, ऐन केळीच्या कापणीत, चार दिवस गाडी नाल्याजवळच उभी.

आता हे होतं का ते बघा. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा एक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उलट्या बाजूला फिरायला बघतं, म्हणजे डिफरेंशियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक, जिथे शाफ्ट जोडलेला असतो, वर उचललं जातं. पाट्यांच्या गाडीत त्याला धरून ठेवायला वेगळा दांडा नसतो, वजन पण पाट्यांनीच पेलायचं आणि हा पीळ पण त्यांनीच सोसायचा. मग कमानीचा, म्हणजे पाट्यांच्या गठ्ठ्याचा, पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा खाली दबतो, पाटा नागमोडी होतो, आणि मुरमावर टायर जरा सुटलं की तो पीळ सटकन उलगडतो, टायर परत पकडतं, परत पीळ, परत सुटतं. हीच ती थाडथाड. म्हणजे पाटे वजनाला कमी पडतायत असं नाही, पिळाला कुठेतरी ढिलाई मिळतेय.

ती ढिलाई मला भुसावळच्या एका म्हाताऱ्या पाटेवाल्याने दाखवली. त्याने कमानीच्या पुढच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, पहार घालून नुसतं उचकलं, तर त्यात बसणाऱ्या बुशचं रबर पार चेपून एका बाजूला गेलेलं आणि बोल्ट आत खडखड हलत होता. मग एक्सल पाट्यांना बांधणाऱ्या यू बोल्टच्या बुडाशी बोट फिरवून मला दाखवलं, बोटाला विटेच्या भुकटीसारखी लाल पूड. लोखंडावर लोखंड घासल्याशिवाय अशी पूड निघत नाही, म्हणजे एक्सल पाट्यावर सरकत होता. नवे यू बोल्ट, चारही बुश आणि दोन शॉकअप, एवढ्यावर निम्म्याहून जास्त त्रास गेला. यू बोल्ट आवळताना गाडी जॅकवर लटकलेली नको, चाकांवर उभी पाहिजे, आणि ५०० किलोमीटर चालली की परत एकदा आवळून घ्यायचे, ते बसतात थोडे.

तुम्ही घरी बघायचं तर पुढच्या चाकांपुढे मोठे दगड लावा, हँडब्रेक काढा, मोबाईल बाजूला जमिनीवर ठेवून व्हिडिओ चालू करा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडत या, गाडीच्या पुढे किंवा खाली कोणी नको. ब्रेक दाबून करू नका, मागच्या ब्रेकची प्लेट हाउसिंगलाच असते म्हणून पीळ तिथल्या तिथे जिरतो आणि काही दिसतच नाही. नाक किती उचलतंय ते व्हिडिओत स्पष्ट कळतं.

अजून एक, आपल्याकडे माल भरायचा म्हणून हवा टाइट मारतात आणि रिकामी गाडी त्याच हवेवर परत आणतात, मग टायर चेंडूसारखं उडणारच. आणि गाडी उंच दिसावी म्हणून एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घातला असेल तर तो आधी काढा, ठोकळ्याने पिळाला तरफेसारखा हात लांब मिळतो.

एवढं करून राहिलंच तर कमानीच्या फक्त पुढच्या भागाला, डोळा ते एक्सल, पाटे क्लिपांनी घट्ट बांधून घ्या. पीळ खरा तिथेच अडवायचा असतो, मागचा भाग मोकळा राहू द्या. दुसरा उपाय शॉकअपचा, एक एक्सलच्या पुढे आणि एक मागे, म्हणजे हाउसिंग फिरायला गेलं की एक दबतो, एक ताणला जातो, दोघं मिळून आवरतात. अमेरिकेत १९६७ च्या शेवरोले कमॅरोला मागे एकेकच पाटा होता आणि ती अशीच उडायची, १९६८ ला त्यांनी शॉकअप असेच पुढे-मागे बसवले. पण त्यासाठी ब्रॅकेट वेल्डिंग करावं लागतं, ते चांगल्या माणसाकडूनच. हाउसिंगपासून चेसिसपर्यंत दांडा पण लावतात, मात्र त्याचा सांधा चुकीच्या जागी आला तर पाटे मोकळे हलतच नाहीत, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

आणि तोवर तुमचा क्रॉस आजच हलवून बघा. इतके धक्के खाल्ले की बेअरिंगच्या सुया पिचतात, हाताने शाफ्ट फिरवताना कट्ट असा आवाज आला तर नाल्यात उतरू नका भाऊ, आधी तो बदला.