सोसायटीच्या बागेत घसरगुंडीखाली रबराचे कोणते फ्लोअरिंग करावे?

आपण कळवले आहे की ताराबाई पार्कातील आपल्या सोसायटीच्या बागेत सहा फूट उंचीची घसरगुंडी आणि दोन झोपाळे बसवायचे आहेत, आणि कंत्राटदाराने त्याखाली २५ मिलिमीटर जाडीच्या रबर टाइल्सचे दरपत्रक दिले आहे. मी कोल्हापुरात शाळा आणि बागांच्या खेळजागांची स्थापत्य कामे करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हे दरपत्रक आहे तसे स्वीकारू नये.

रंग, नक्षी आणि दर यांच्या आधी कंत्राटदाराला एकच गोष्ट विचारावी: या पृष्ठभागाची क्रिटिकल फॉल हाइट किती आहे? म्हणजे मूल किती उंचीवरून डोक्यावर पडले तरी मेंदूला होणाऱ्या गंभीर इजेचा धोका मर्यादेत राहील. युरोपच्या ईएन ११७७ आणि अमेरिकेच्या एएसटीएम एफ १२९२ या मानकांत त्यासाठी एचआयसी नावाचा, डोक्याला होणाऱ्या इजेचा निर्देशांक मोजतात आणि तो १००० च्या वर जाऊ देत नाहीत. सहा फूट म्हणजे साधारण १.८ मीटर. एवढ्या उंचीला २५ मिलिमीटरची टाइल पुरत नाही. बहुतेक उत्पादनांत ६० ते ८० मिलिमीटर जाडी लागते. तरीही निव्वळ जाडीवर विसंबू नये, कारण घट्ट दाबलेली जाड टाइल कडकच असते. त्याच जाडीच्या, त्याच उत्पादनाच्या चाचणीचा अहवाल हातात घ्यावा. हा पृष्ठभाग डोके सांभाळतो. हात मोडण्याचा धोका त्याने पूर्ण जात नाही, हेही पालकांना सांगून ठेवावे.

टाइल की जागेवर ओतलेले ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारे कृत्रिम रबर), या प्रश्नात मी आपल्या पावसाकडे पाहून ओतीव थराच्या बाजूने आहे. त्यात खाली जुन्या टायरच्या काळ्या दाण्यांचा जाड थर आणि वर ईपीडीएमच्या रंगीत दाण्यांचा पातळ थर पॉलियुरेथेन बाइंडरने बांधतात. त्याला सांधे नसतात आणि पाणी आरपार जाते. टाइल्स सांध्यांत हरतात. एका शाळेत मी श्रावणात टाइल उचलून पाहिली, तर खाली बोटभर चिखल होता, त्यात हरळीची मुळे पसरली होती आणि उचललेल्या कडेला मुलांच्या चपला अडकत होत्या. तिथे टाइल्स थेट मुरुमावर अंथरल्या होत्या. दोष टाइलचा कमी आणि पायाचा जास्त होता. पाया एक ते दोन टक्के उताराच्या काँक्रीटचा असावा, पाणी जायला बाजूने गटार असावे, आणि जमीन काळी असेल तर ती खणून काढून मुरूम-खडीची भर दाबून मगच काँक्रीट करावे, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

ओतीव काम दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत घ्यावे. बाइंडर घट्ट होत असताना पाऊस आला तर तो फेसाळतो आणि पुढे दाणे सुटू लागतात. जुन्या कामाचा नमुना पाहायला गेलात तर पृष्ठभाग अंगठ्याने जोराने घासून पाहावा. दाणे सहज हातात येत असतील, तर बाइंडर कमी पडला आहे किंवा काम जुने होऊन उखडू लागले आहे. रंग फिका निवडावा, कारण एप्रिलच्या दुपारी गडद रबरावर अनवाणी पाय भाजतात. झाडाची किंवा शेडची सावली मिळाली तर उत्तमच. घसरगुंडीच्या सर्व बाजूंनी किमान दोन मीटरपर्यंत हा थर हवा. झोपाळ्यांना पुढे-मागे याहून बरीच अधिक जागा लागते, ती उत्पादकाच्या नकाशावरून घ्यावी.

बजेट बसत नसेल, तर पातळ रबरापेक्षा स्वच्छ धुतलेल्या वाळूचा खोल थर मला कितीतरी सुरक्षित वाटतो. दोन मीटरपर्यंतच्या उंचीला २० सेंटिमीटर वाळू युरोपच्या मानकांना चालते. ती पायांनी सरकते म्हणून १० सेंटिमीटर जादा धरावी. मात्र तालमीतल्या हौद्याची माती जशी रोज खणून भुसभुशीत ठेवतात, तशी ही वाळूही वरचेवर उकरावी लागते आणि मांजरांपासून झाकावी लागते; व्हीलचेअरवरच्या मुलाला तर ती गैरसोयीचीच. फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नये. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि कधी रेझिनचे अवशेष असतात.

नव्या दरपत्रकात जाडी, क्रिटिकल फॉल हाइट, पायाचा तपशील आणि सांधे किंवा दाणे सुटल्यास दुरुस्तीची लेखी हमी या चार बाबी स्वतंत्र लिहून मागाव्यात, आणि चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.