कॅन्सरचे उपचार संपले, आता हे ऋण फेडू कसं?

ताई, शेवटची केमो झाल्यावर मलाही वाटायचं, आता सगळ्यांसाठी धावत सुटावं. घाई करू नका. सुरुवातीला एवढंच पाहा:

- कृतज्ञता ओढूनताणून आणू नका. राग येईल, भीती वाटेल. रडू आलं तर रडा. "वाचलीस ना, मग हस की" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.
- ज्यांनी केलं, त्यांना नेमकं सांगा. मी जावेला म्हटलं, "तोंड आलं होतं तेव्हा तू रोज मऊ भात गार करून भरवलास." ती कितीतरी वेळ पदराने डोळे पुसत राहिली. नुसत्या 'थँक्यू'ने हे होत नाही.
- रक्तदानाला स्वतः निघू नका, कॅन्सर होऊन गेलेल्यांचं रक्त घेत नाहीत. घरच्या धडधाकट माणसांना पाठवा. दान केलेल्या रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे गरज कायमच असते.

नव्या पेशंटला भेटलात तर औषधं सुचवू नका. शेजारी बसा, ऐका. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात उपचार घेणारी कितीतरी माणसं उतरतात. तिथे जरूर जा, पण गर्दीत जायला डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आणि काय हवंय ते आधी विचारून घ्या.