वहीतल्या फुल्या

"ताई, माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, अकराव्या वेळी मी ओरडतो. रात्री रडून प्रभूची क्षमा मागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. न ओरडलेल्या दिवसाला वहीत फुली मारतो. सलग नऊच्या पुढे कधी गेलो नाही. 'अयोग्य प्रकारे' भाकर खाणाऱ्याला प्रेषित पौलाने बायबलमध्ये दिलेला इशारा वाचल्यापासून चार महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीत वाटली जाणारी भाकर आणि प्याला, घेतलेलं नाही. माझं तारण, पापातून सुटका, झालंय तरी का?"
— अस्वस्थ

प्रिय भाऊ,

आधी तो इशारा बघू, कारण त्याच्यापायी तुम्ही चार महिने उपाशी आहात. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११वा अध्याय त्या इशाऱ्याच्या जरा आधीपासून वाचा. त्या मंडळीत काहीजण आपलं आपलं आधी जेवून घेत, पिऊन झिंगत, आणि गरीब भुकेले राहत. पौल चिडला तो या रीतीवर. खाणाऱ्याच्या लायकीचा तिथे प्रश्नच नाही. लायकी पाहायची तर पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्री येशूला आपल्या शिष्याला, पेत्राला, पंगतीतून उठवावं लागलं असतं. कोंबडा आरवण्याआधी हा आपल्याला तीनदा नाकारणार, हे प्रभूला ठाऊक होतं, तरी भाकर त्याच्याही हाती आली. आणि पौल म्हणतो, स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. परीक्षा करून घरी जा, असं कुठे म्हणतो?

वहीचं वाचून मला हसू आलं, रागावू नका. एका उपासकाळात मीही अशीच वही ठेवली होती. दोन आठवड्यांत मला पापापेक्षा फुल्यांचीच काळजी जास्त वाटायला लागली. येशूच्या दाखल्यात मंदिरात उभा राहून आपले उपास मोजून दाखवणाऱ्या परूश्याचा, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याचा, हिशेब चोखच होता हो! पण नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी मानलेला, ऊर बडवणारा जकातदार.

राहिला तारणाचा प्रश्न. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, ही पौलाची तक्रार रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात आहे. ती ख्रिस्ताकडे येण्याआधीची की नंतरची, यावर पंडित अजून भांडतात. मला ती तुमच्या पत्रासारखीच वाटते. शेवटी तो विचारतो, मला कोण सोडवील? कसा सुटू, असं विचारत नाही. तुमचं सगळं पत्र मात्र 'कसा'पाशीच अडलंय.

आता जरा कडू बोलते. रोज रात्री तुम्ही प्रभूपुढे रडता, पण वडिलांची क्षमा मागितल्याचं पत्रात कुठेच नाही. ते विसरतील म्हणाल. विसरतीलच. तरी मागा, त्यांचा हात हातात घेऊन मागा. त्या घडीला तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो. कृपा फुकट आहे म्हणून ही माफी सुटत नाही.

आणि थकवा म्हणजे पाप नव्हे. सातव्या प्रश्नाला खोलीबाहेर जा, पाणी प्या, मग परत या. पाळकांना सगळं सांगा, वहीसकट. आठवड्यातून दोन संध्याकाळी वडिलांजवळ बसायला मंडळीतल्या कुणाला तरी विचारा. मदत मागायची लाज वाटेल. तरी मागा.

येत्या प्रभुभोजनाला जा. वडिलांना चालवत असेल तर त्यांनाही घेऊन जा. वाटेत ते विचारतील, "आपण कुठे चाललोय?" थोड्या वेळाने परत विचारतील.

तुमची,
ताई