बारांगायची चिठ्ठी आलीये, जाऊ का नको?

प्रश्न : माझा मुलगा फिलिपिन्समधे लॉस बान्योसला भातावर पीएचडी करतोय. जुनी खोली सोडली तर मालकीणबाई म्हणतात भिंत खराब केली, डिपॉझिट विसरा, वर अजून पैसे द्या. आता बारांगायची चिठ्ठी आलीये, अमुक दिवशी हजर राहा म्हणून. पोरगा म्हणतो मी जाणारच नाही. माझी झोप उडालीये. ही पोलीस केस आहे का, वकील बघावा का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी पाणी प्या, ही पोलीस केस नाहीये. मी लॉस बान्योसला चार वर्षं राहिलेय म्हणून सांगते, बारांगाय म्हणजे तिथलं सगळ्यात खालचं सरकार, आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा, लॉस बान्योसमधे असे 14 आहेत. लोकांनी निवडून दिलेला कपितान असतो, सोबत सात कागावाद म्हणजे आपले मेंबर. रहिवासाचा दाखला तिथेच, रात्रीची गस्त घालणारे तानोदही त्यांचेच.

आणि भांडणं मिटवायला लुपोन असते, 10 ते 20 माणसांची समिती. आपल्याकडे 2007 पासून तंटामुक्ती समित्या आल्या ना, त्यातलाच प्रकार, पण तिकडे 1991 च्या कायद्यानं असं आहे की एकाच गावात राहणाऱ्या दोघांचं असलं भांडण आधी इथे यायलाच हवं, त्याशिवाय कोर्ट दावा घेत नाही. आधी कपितान समजूत घालतो, 15 दिवसात नाही जमलं तर लुपोनमधले तिघं निवडून त्यांच्यापुढे बसायचं. वकिलाला तिथे परवानगीच नाही, ज्याचं त्यानं बोलायचं. मला तर ही गोष्ट फार आवडते, पैसेवाला आणि विद्यार्थी सारख्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात.

मी स्वतः गेले होते. शेजाऱ्यांचा कोंबडा माझ्या खिडकीखाली बांधलेला, पहाटे तीनला सुरू व्हायचा, परीक्षा तोंडावर. कपितानबाईंनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, वर पंखा खडखडत होता, मग जाड वहीत लिहिलं की पिंजरा मागच्या बाजूला न्यायचा, दोघांच्या सह्या. आठवड्यात पिंजरा हलला आणि त्या काकू पुढे मला बाजारातून येताना हाक मारायला लागल्या.

तेव्हा मुलाला सांगा, जायलाच हवं. मुद्दाम गेला नाही तर मालकीणबाईंना कोर्टात जायचा दाखला मिळू शकतो आणि डिपॉझिटसाठी त्याला उलट मागणी करायची ती वाट बंद होते. खोली घेतानाचे आणि सोडतानाचे भिंतीचे फोटो, भाड्याच्या पावत्या, मेसेज सगळं प्रिंट काढून न्यावं. आणि सही करण्याआधी कागद नीट वाचावा, तिथल्या तागालोग भाषेत असेल तर कुणाकडून समजून घ्यावा, कारण धाकानं किंवा फसवून सही घेतली अशी तक्रार 10 दिवसात केली नाही तर त्या कागदाला कोर्टाच्या निकालाएवढी ताकद येते.

अजून एक, आत गेल्यावर ‘मगांदांग उमागा पो’ म्हणजे सुप्रभात, असं म्हणायला सांगा. तो ‘पो’ म्हणजे आपलं ‘अहो’, मोठ्यांशी बोलताना वाक्यात यायलाच हवा, तिथल्या बायकांना परक्या पोराच्या तोंडून तो ऐकला की बरं वाटतं, मालकीणबाईंनाही वाटेल.